तोडीचा कार्यक्रम कोण लावतं? सांगलीच्या एका अभ्यासिकेतलं ब्राउझरचं प्रकरण

सांगलीच्या गावभागातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत बारा संगणक आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी तळमजल्यात शिरलं तेव्हा आधीचे सगळे गेले. महापुरानंतर मदत म्हणून एका कचेरीनं आपले वापरलेले संगणक दिले, तेच हे. कुणात दोन, कुणात चार जीबी रॅम, सगळ्यांत विंडोज ७, आणि कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर. त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. महिन्यातून दोन फेऱ्या ठरलेल्या, शिवाय वाचनालयाच्या मॅडमचा फोन आला की लगेच.

इथं बसणारी मुलं बहुतेक जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडची. विश्रामबागेत किंवा गावभागात कॉट बेसिसवर राहतात आणि भरतीची तयारी करतात. लॅपटॉप फार थोड्यांकडे असतो. मोबाईल सगळ्यांकडे आहे, पण फोटो अमुक केबीत, सही तमुक केबीत बसवून, चलन भरून, अर्जाची प्रत काढायची तर मोबाईलवर जीव मेटाकुटीला येतो. म्हणून ती संगणकाकडे येतात. त्यांच्या लेखी संगणक म्हणजे ब्राउझरच. त्यापलीकडचं काही ती उघडतच नाहीत. ब्राउझर अडला की अर्ज अडतो, आणि अर्ज अडला की कुणाचं तरी वर्ष जातं. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते याच कारणानं.

सुरुवात

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला निरोप दिला होता. पैसे भरणाऱ्या संस्थांना सुरक्षा दुरुस्त्या मिळत होत्या, त्याही जानेवारी २०२३ ला थांबल्या. त्याच सुमाराला क्रोमनंही हात काढून घेतला: १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि ७ फेब्रुवारी २०२३ ला आलेल्या ११० ला किमान विंडोज १० लागू लागलं. यात कुणाला बोल लावावा असं मला वाटत नाही. ज्या यंत्रणेला तिच्या निर्मात्यानंच सोडलं, तिच्यावर सुरक्षित ब्राउझर चालवून दाखवणं अवघडच. पण अभ्यासिकेपुढं प्रश्न उभा राहिला तो राहिलाच. बारा नवे संगणक घ्यायला वाचनालयाच्या अनुदानात जागा नव्हती.

मी मॅडमना म्हटलं, क्रोम ज्याच्यावर उभा आहे त्या क्रोमियमचा कोड उघडा आहे. कुणीतरी विंडोज ७ साठी तो चालू ठेवलाच असेल. शोधलं तर खरोखरच होता: सुपरमियम नावाचा प्रकल्प क्रोमियमचा फाटा, म्हणजे कोडाची वेगळी प्रत, काढून जुन्या विंडोजवर तो चालवतो. मेहनत पाहून हात जोडावेसे वाटतात. पण क्रोमची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२१ पासून दर चार आठवड्यांनी येऊ लागली होती, आधी सहा आठवड्यांनी यायची. मूळ कोडात लक्षावधी ओळी आहेत. त्या दर महिन्याला उलथ्यापालथ्या होत असताना मोजक्या माणसांनी आपले बदल त्यात पुन्हा पुन्हा बसवत राहायचं, आणि एखादी सुरक्षा दुरुस्ती चार दिवस उशिरा पोचली तर ते चार दिवस मुलांच्या यूपीआयचे आणि आधारचे. ती जोखीम मी घेतली नाही. जुलै २०२३ मध्ये फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आली; ती विंडोज ७ वर चालत होती आणि पुढंही तिला दुरुस्त्या मिळणार होत्या. बाराही संगणकांवर तीच टाकली.

ती एक ओळ

मग एका संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "दादा, उद्या शेवटची तारीख आहे, आणि साइट म्हणते फक्त क्रोमची नवी आवृत्ती वापरा. पोरगी रडकुंडीला आलीय."

कोणती साइट ते लिहीत नाही. लिहून काही साधणार नाही. पान उघडलं की लाल अक्षरांत ती सूचना यायची आणि पुढं जायचं बटणच दिसायचं नाही. जुना क्रोम १०९ लावला तर "आवृत्ती जुनी आहे", फायरफॉक्स लावला तर "हा ब्राउझर चालत नाही". खरंच काही तांत्रिक अडचण आहे का ते आधी बघायचं होतं. प्रत्येक ब्राउझर पान मागताना आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो, तिला यूजर एजंट म्हणतात. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन मी ती ओळ तेवढी बदलली आणि तिथं क्रोमच्या नव्या आवृत्तीची ओळ चिकटवली. बाकी कशाला हात लावला नाही. लाल सूचना गेली. अर्ज भरला गेला, फोटो चढला, सही चढली, चलन भरलं, पावती छापून निघाली. जतची ती मुलगी पावणेनऊच्या एसटीसाठी पळत सुटली.

म्हणजे साइट फायरफॉक्समध्ये बिनतक्रार चालत होती. ज्यानं ती बांधली त्यानं ती फक्त क्रोमवर तपासली होती आणि बाकीच्यांना दारातच अडवून ठेवलं होतं. क्रोमवाल्यांनी त्याला असं काही सांगितलं नव्हतं. जगातले सुमारे दोन तृतीयांश लोक क्रोम वापरतात, एवढं कारण त्याला पुरलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती ओळ बघायला मागितली. मी कागदावर लिहून दिली. अधले आकडे वगळले तर क्रोमची ओळख अशी असते: मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल लाइक गेको, क्रोम, सफारी. मॅडम म्हणाल्या, "स्वतःचं नाव सांगायला हा एवढ्या जणांची नावं का घेतो?"

प्रश्न अगदी वर्मावर होता. वीस-पंचवीस वर्षांचा सगळा इतिहास त्या ओळीत आहे. नेटस्केप कंपनीनं १९९८ मध्ये आपला ब्राउझर खुला केला, त्यातून फायरफॉक्स बनवणारी मोझिला आणि तिचं गेको इंजिन आलं. इंजिन म्हणजे साइटचा कोड वाचून पडद्यावर पान उभं करणारा ब्राउझरचा भाग. तिकडं केडीई या स्वयंसेवकांच्या प्रकल्पानं केएचटीएमएल नावाचं छोटं, सुटसुटीत इंजिन लिहिलं. ॲपलनं २००१ मध्ये ते उचललं आणि जानेवारी २००३ मध्ये त्यावर बांधलेला सफारी जाहीर केला. परवान्यानुसार बदललेला कोड परत देणं भाग होतं, आणि ॲपलनं तो दिलाही. पण दिला तो गठ्ठ्यानं. कोणता बदल का केला हे समजल्याशिवाय मूळ लिहिणाऱ्यांना तो आपल्याकडे घेता येईना. २००५ मध्ये यावरून जाहीर नाराजी झाली, तेव्हा कुठं ॲपलनं वेबकिटचं काम उघड्यावर आणलं. २००८ च्या सप्टेंबरमध्ये गूगलनं वेबकिट घेऊनच क्रोम काढला आणि त्याच्यासोबत क्रोमियमचा कोड खुला केला. एप्रिल २०१३ मध्ये गूगल वेबकिटमधून वेगळं झालं आणि ब्लिंक हे स्वतःचं इंजिन चालवू लागलं. नवा ब्राउझर जुन्या साइटच्या दारात अडू नये म्हणून आधीच्या सगळ्यांची नावं आपल्या ओळीत घेत गेला, आणि कुणालाच ती पुसायची हिंमत झाली नाही. ज्या केएचटीएमएलपासून सफारी आणि क्रोम जन्मले, त्याला केडीईच्या २०२४ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीत जागा उरली नाही. नाव मात्र आजही दर पानागणिक पाठवलं जातं.

कार्यवाहांचा सवाल

हे सगळं कार्यकारिणीच्या बैठकीत सांगायची वेळ आली, कारण मी विंडोज काढून लिनक्स ही फुकट, खुली यंत्रणा टाकायचं म्हणत होतो आणि त्याला मंजुरी हवी होती. वाचनालयाचे कार्यवाह साखर कारखान्याच्या शेती विभागातून निवृत्त झालेले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोड उघडा आहे म्हणता. कुणीही घ्या, बदला, वापरा. मग एकाच कंपनीच्या हातात सगळं कसं काय?"

मी त्यांना सांगितलं, काम बहुतेक गूगलच करतं. पुढं त्याचा आकडाही आला. गूगलच्याच म्हणण्यानुसार २०२४ मध्ये क्रोमियमच्या कोडात त्यांनी एक लाखाहून जास्त भर घातली, आणि ती एकूण योगदानाच्या सुमारे ९४ टक्के होती. उरलेल्यात मायक्रोसॉफ्ट, ओपेरा, इगालियासारख्या संस्था आणि सुटे लोक. ओपेरानं स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडलं. मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर २०१८ मध्ये तसंच जाहीर केलं आणि जानेवारी २०२० मध्ये आपला एज ब्राउझर क्रोमियमवर आणला. कोडाच्या प्रत्येक भागाला नेमलेले मालक असतात, त्यांनी मान्यता दिल्याशिवाय बदल आत जात नाही. नवी सोय वेबवर आणायची तर जाहीर सूचना द्यावी लागते आणि तीन जणांची संमती लागते. त्या मंडळात गूगलबाहेरचेही लोक आहेत. चर्चा सगळी उघड्यावर होते, कुणीही वाचू शकतं. पण काम करणारी बहुतांश माणसं एकाच ठिकाणाहून पगार घेतात, आणि कोणतं काम आधी हातात घ्यायचं ते तिथंच ठरतं.

कार्यवाह थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आपल्याकडं ऊस कुणीही लावतो. नोंदही कुणाचीही होते. पण तोड कधी येणार ते गट ऑफिसात ठरतं. चिटबॉय बांधावर आला नाही तर तुझी नोंद घेऊन काय करायचं? ऊस वाळतोच."

चिटबॉय म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस. मी इतकी वर्षं या विषयावर वाचतोय, पण यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. परवाना म्हणजे नोंद. तोडीचा कार्यक्रम ज्याच्या हातात, सत्ता त्याची. विंडोज ७ च्या बाबतीत तोड थांबली, आणि नोंद आमच्या हातात राहिली.

कारखान्याशी तुलना करताना एक फरक मी तेव्हाच बोलून दाखवला आणि इथंही नोंदवतो. सहकारात वार्षिक सर्वसाधारण सभा असते, आणि तिथं एका सभासदाला एक मत असतं. मंडळ मनमानी करायला लागलं तर उठून विचारता येतं, पाच वर्षांनी बदलता येतं. क्रोमियमला तशी सभा नाही. जानेवारी २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली क्रोमियमवर आधारलेल्या ब्राउझरांसाठी एक निधी उभा राहिला, त्यात गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि ओपेरा आहेत. चांगलं पाऊल आहे. पण प्रकल्पाचा कारभार होता तिथंच आहे.

किल्ली

बैठकीत मंजुरी मिळाली. २०२४ च्या सुरुवातीला बाराही संगणकांवर डेबियन १२ हे लिनक्सचं वितरण टाकलं, दोन ब्राउझर ठेवले: फायरफॉक्स आणि डेबियननं बांधलेला क्रोमियम. मशीन हलकी झाली, तक्रारी कमी झाल्या. मॅडमना एकच गोष्ट हवी होती: अर्जांच्या साइटची जी यादी त्या बुकमार्कमध्ये ठेवतात, ती बाराही ठिकाणी सारखी दिसावी. वाचनालयाच्या एकाच खात्यानं सगळीकडे सिंक केलं की झालं, असं त्यांना वाटत होतं.

क्रोमियममध्ये ते होत नाही. जानेवारी २०२१ मध्ये गूगलनं जाहीर केलं की क्रोमियम स्वतः बांधून वाटणाऱ्यांना गूगलच्या सिंकसारख्या सेवा १५ मार्चपासून वापरता येणार नाहीत. त्या फक्त आपल्या क्रोमसाठी आहेत. फेडोरा, आर्च, डेबियन अशा वितरणांतले सांभाळकर्ते हबकले, कारण गूगलच्या सर्व्हरचं दार उघडणाऱ्या, त्यांना दिलेल्या सांकेतिक किल्ल्यांवर वर्षानुवर्षं हे चालत आलं होतं. कायद्यानं बघितलं तर गूगल बरोबर होतं: कोड खुला होता, सर्व्हर खुला नव्हता. पण माझ्या मते ही घटना ज्यानं नीट समजून घेतली त्याला "ओपन सोर्स ब्राउझर" या शब्दाची हद्द कुठं संपते ते कळलं.

आमचा मार्ग साधा निघाला. दोन्ही ब्राउझरांना धोरणाची फाइल देता येते. फायरफॉक्सची इटीसी फोल्डरमध्ये पॉलिसीज नावानं बसते, क्रोमियमचीही तिथंच शेजारी. त्यात बुकमार्कची यादी लिहिली की ती सगळ्यांना दिसते आणि कुणी पुसू शकत नाही. मॅडम यादी वहीत लिहितात, मी फाइलमध्ये उतरवतो, एका कमांडनं बारा ठिकाणी जाते. कुठलंच खातं लागत नाही. सार्वजनिक संगणकावर कुणाचं खातं उघडं राहूच नये, हे त्यातनं आपोआप साधलं.

तीन हिरवी बटणं

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जाहिरातींनी. हॉल तिकीट सरकारी साइटवर येतं, पण मुलं तिथं पोचतात ती भरतीची माहिती देणाऱ्या खाजगी पानांवरून. अशा एका पानावर मी स्वतः मोजली: "डाउनलोड" लिहिलेली तीन हिरवी बटणं, सारख्या आकाराची. त्यातली दोन जाहिराती. एका मुलानं वरचं दाबलं, मागोमाग "परवानगी द्या" दाबलं, आणि त्या संगणकावर दर दोन मिनिटांनी कोपऱ्यात जुगाराच्या जाहिराती यायला लागल्या. तो बिचारा मला सांगायलाही लाजत होता.

म्हणून यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पूरक सोय, दोन्ही ब्राउझरांत टाकलं होतं. रेमंड हिल यांनी लिहिलेलं, फुकट आणि खुलं. २०२५ च्या पावसाळ्यात ते क्रोमियममधनं गेलं. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीत ब्राउझर प्रत्येक मागणी पाठवण्याआधी एक्स्टेन्शनला विचारायचा, जाऊ देऊ का? एक्स्टेन्शन त्या क्षणी पाहून ठरवायचं. मॅनिफेस्ट व्ही३ या नव्या नियमावलीत एक्स्टेन्शननं नियमांची यादी आधीच देऊन ठेवायची आणि अडवायचं काम ब्राउझरनं करायचं. या बदलाचा मसुदा २०१८ पासून चर्चेत होता. जून २०२४ पासून जुनी पद्धत टप्प्याटप्प्यानं बंद होत गेली आणि पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत ती संपली.

गूगलची बाजू पोकळ नाही. प्रत्येक पानावरची प्रत्येक मागणी पाहणारं एक्स्टेन्शन उद्या कुणी विकत घेतलं तर तेच हेर बनू शकतं, आणि असं घडलेलंही आहे. वेगाचाही मुद्दा आहे. पण २०२३ मध्ये गूगलच्या पालक कंपनीच्या महसुलात जाहिरातींचा वाटा तीन चतुर्थांशाहून जास्त होता. जाहिरात अडवणाऱ्या हत्याराची धार किती ठेवायची हे त्याच घरात ठरत असेल, तर हेतू कितीही शुद्ध असो, मी त्या निर्णयाला निःपक्ष म्हणणार नाही. फायरफॉक्सनं नवी पद्धत घेतली आणि जुनीही ठेवली. हिल यांनी नव्या नियमांत बसणारी लाइट आवृत्तीही दिली आहे. क्रोमियमवर आम्ही तीच लावली. बरंच अडवते, सगळं नाही.

विरोधाला कधीच फळ येत नाही असंही नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात साइटला ब्राउझर "अस्सल" आहे का हे तपासू देणारा एक प्रस्ताव गूगलच्या अभियंत्यांनी मांडला होता. तो आला असता तर मी ओळ बदलून त्या मुलीचा अर्ज भरला, तो मार्ग बंद झाला असता. जगभरातून ओरड झाली आणि नोव्हेंबरमध्ये तो मागे घेतला गेला.

दुसऱ्या घरचं पाणी

कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी विचारलं, मग फायरफॉक्सच कायमचा का ठेवू नये? ठेवलाच आहे. पण त्याची चूल कशावर पेटते तेही सांगावं लागलं. मे २०२५ मध्ये मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी अमेरिकेतल्या न्यायालयात साक्ष दिली: उत्पन्नाचा सुमारे ९० टक्के भाग फायरफॉक्समधून, आणि त्यातला ८५ टक्के गूगलकडून. शोधपेटीत गूगल आधीपासून ठेवण्याबद्दलचे ते पैसे. प्रतिस्पर्ध्याच्याच पैशावर हा पर्याय उभा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलानं सुमारे अडीचशे लोक कमी केले, तेव्हा सर्वो या नव्या इंजिनावर काम करणारी तुकडीही गेली. सर्वो पुढं लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि आज हळूहळू जगतो आहे.

ज्या खटल्यात ही साक्ष झाली, त्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ ला गूगलची शोधातली मक्तेदारी बेकायदा ठरवली. २०२१ या एका वर्षात शोधपेटीतल्या जागेसाठी गूगलनं २६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वाटल्याचं त्यातच बाहेर आलं. अमेरिकी सरकारनं क्रोम विकायला लावा अशी मागणी केली. २ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं ती फेटाळली. फक्त आम्हालाच ठेवा असे करार बंद झाले, पैसे द्यायला मुभा राहिली. मोझिलाला त्या दिवशी श्वास घेता आला असेल. मलाही आला, हे प्रामाणिकपणे लिहितो, आणि तसं वाटावं हेच मला सलतं.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला, आणि ॲप स्टोअरमधल्या वर्चस्वाच्या बळावर क्रोमचं स्थान राखल्याचा ठपकाही त्या आदेशात होता. स्वदेशी ब्राउझरसाठी केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२३ मध्ये स्पर्धा जाहीर केली. झोहोचा उला पहिला आला. तो सदस्यांना दाखवला, आवडलाही. पण तोही क्रोमियमवरच बांधलेला आहे. ऊस आपला, तोडीचा कार्यक्रम तिकडचाच.

आता

अभ्यासिकेत फायरफॉक्स आधी उघडतो, क्रोमियम दुसरा. टेबलावर एक वही आहे, तिच्यात कोणतं पान कुठं अडलं ते मुलं लिहितात. बहुतेक नोंदी त्याच दारातल्या अडवणुकीच्या. ओळ बदलली की पान चालतं. एक नोंद मात्र खरी निघाली: सराव परीक्षेचं एक पान निकाल थेट फाइलमध्ये लिहायला क्रोमियममधली जी सोय वापरतं, ती फायरफॉक्समध्ये नाही. तिथं क्रोमियमच वापरायला सांगतो.

दुसरी गोष्ट मॅडमनी स्वतःहून केली. फायरफॉक्सच्या मराठी मेनूतलं एक वाक्य त्यांना खटकत होतं. मोझिलाचं भाषांतर पाँटून नावाच्या साइटवर होतं आणि तिथं कुणालाही सूचना देता येते. क्रोमियमची भाषांतरं कंपनीच्या आतल्या यंत्रणेतून येतात, बाहेरून फाइल बदलून चालत नाही. मॅडमनी खातं काढलं आणि पहिल्याच दुपारी चार सूचना दिल्या. अभ्यासिकेतल्या दोन मुलीही आता रविवारी बसतात. एका वाक्यात "दुसऱ्या" की "इतर" यावर त्यांचं अर्धा तास चाललं होतं.

त्या लाल सूचनेच्या साइटला वाचनालयाच्या लेटरहेडवर पत्र पाठवलं होतं: कोणत्या ओळीनं अडलं, ती बदलल्यावर अर्ज कसा पूर्ण झाला, चित्रांसह. उत्तर आलं नाही. पुढच्या भरतीला सूचना तशीच होती. परवा दुसरं पत्र स्पीड पोस्टानं गेलं. पोचपावती मॅडमनी जावक नोंदवहीत पिनअप करून ठेवली आहे.